राजापूरचं डॉक्टरांचं घर दुरुस्त करताना

राजापूरच्या आमच्या घरात आधी दवाखाना आखला गेला आणि राहत्या खोल्या त्याच्या मागे बसवल्या गेल्या, हे दुरुस्तीला हात घातल्यावर माझ्या लक्षात आलं. लहानपणी सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा दवाखाना कधीच बंद झालेला होता. पुढची खोली म्हणजे अडगळीची खोली, एवढीच आमची समजूत. गावातली जुनी माणसं मात्र अजूनही 'डॉक्टरांचं घर' असंच म्हणतात.

आजोबा एल.सी.पी.एस. होते. मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली, तिची ही परवाना-परीक्षा. एम.बी.बी.एस.च्या मानानं ती खालची समजत, पण तालुक्याच्या गावांना त्या काळात जे डॉक्टर मिळाले त्यांत एल.सी.पी.एस. आणि एल.एम.पी. मंडळी बरीच होती. आजोबांनी परीक्षा दिली, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि गावी येऊन १९३४ साली हे घर बांधून घेतलं. ओटीवरच्या तुळईवर साल कोरलेलं आहे. त्या वेळी मुंबईहून यायचं तर आगबोटीनं. जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी उतरायचं आणि पुढे भरतीच्या वेळी होडीनं वर राजापूरला यायचं. खाडी गाळानं भरत गेली म्हणून मोठी गलबतं राजापूरपर्यंत येईनाशी झाली होती. आमच्या घराची कौलं, फरशा आणि खिडक्यांच्या काचा याच वाटेनं आल्या. हे सांगायचं कारण असं की घरातली प्रत्येक बाहेरची वस्तू किती खटाटोप करून आणलेली होती हे कळलं, की ती सहजासहजी काढून टाकवत नाही.

घर ठेवायचं की पाडायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. चुलत भावंडं मुंबईत, एक बहीण अमेरिकेत, मी पुण्यात. राहणारे फक्त काका. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव होतं, त्यामुळे आधी वारस नोंद झाली, मग ज्यांना हिस्सा नको होता त्यांची हक्कसोडपत्रं झाली. या कागदांबद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी हे केलं आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना करायचं आहे त्यांनी चांगला वकील धरावा. एक गोष्ट मात्र सांगते. मुंबईला १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली आणि तिथल्या जुन्या इमारतींना यादीत स्थान मिळालं. तालुक्याच्या गावातलं खाजगी घर कुठल्याच यादीत नसतं. महामार्ग रुंद झाला, बाजार वाढला, की अशी घरं एकामागून एक जातात आणि कुठे नोंदही राहत नाही. ती टिकली तर मालकांच्या इच्छेवरच टिकतात. हे मी भावंडांना सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "तुला करायचं असेल तर कर, पण मी आहे तोवर कर."

पहिला पावसाळा आम्ही कामाला हातच लावला नाही. रत्नागिरीची एक तरुण आर्किटेक्ट जुन्या घरांची कामं करते, तिनंच तसं सुचवलं. "ताई, आधी घर भिजताना बघू या," ती म्हणाली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उन्हाळ्यात भिंत बघून काही कळत नाही, जुलैत सगळं बोलतं. मी जमेल तशी जात राहिले. कुठे कौलातून गळतं, कुठे वळचणीचं पाणी भिंतीवर उडतं, कुठे ओल जमिनीतून वर चढते, हे सगळं घराच्या नकाशावर वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी मांडलं. तो कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला. तीन प्रकारच्या ओली तीन वेगळ्या कारणांनी येतात आणि तिन्हींवर एकच उपाय केला की पैसे वाया जातात.

त्याच पावसाळ्यात दारांचा उलगडा झाला. घराला बाहेरून तीन दारं. एक समोर रस्त्यावर पडवीत उघडणारं, दुसरं ओटीवरून माजघरात जाणारं, आणि तिसरं बाजूच्या बोळात. तिसरं दार वर्षानुवर्षं बंद होतं. तिथे भिंत घालून न्हाणीघर करावं असं घरातल्या बहुतेकांचं मत होतं. मेस्त्री माप घ्यायला आले तेव्हा त्यांनी खाली वाकून हात फिरवला आणि म्हणाले, "बाय, हितं उंबरटा न्हाय." खरंच नव्हता. बाकी सगळ्या दारांना चांगले वीतभर उंच उंबरठे, आणि हे दार अंगणापासून आतल्या खोलीपर्यंत सपाट. शिवाय रुंदीला बाकीच्या दारांच्या दीडपट.

शेजारच्या वयस्कर आजींनी त्याचं कारण सांगितलं. वाड्या-वस्त्यांवरून पेशंट यायचे ते डोलीत. बांबूला घोंगडी किंवा लुगडं बांधायचं, माणसाला त्यात निजवायचं आणि दोघांनी पुढून-मागून उचलून आणायचं. रात्री, पावसात, पाखाडीच्या पायऱ्या उतरून आलेल्या माणसांनी दारात उंबरठ्याला अडखळू नये म्हणून डॉक्टरांनी तो ठेवूच दिला नव्हता. कोकणात बिनउंबरठ्याचं घर म्हणजे त्या काळात चर्चेचा विषय झाला असणार. आजी म्हणाल्या, "तुझी पणजी रागावली होती. पण डॉक्टर बधले नाहीत." देवी, गोवर असं काही असलं तरी पेशंट याच दारानं आत घेत, म्हणजे पडवीत बसलेल्यांच्यातून त्यांना न्यावं लागत नसे. न्हाणीघराचा बेत तिथेच संपला. त्या दिवसापासून घरातलं काहीही बदलण्याआधी 'हे इथे कशासाठी असेल' असं विचारायची सवय मी स्वतःला आणि सगळ्या कामगारांनाही लावून घेतली.

पाऊस संपल्यावर दवाखान्याची खोली रिकामी करायला घेतली. हे काम मी कुणावर सोपवलं नाही. कपाटात काचेच्या बुचाच्या बाटल्या होत्या, काहींवर लेबल, काहींवर नाही. कार्बोलिक ॲसिड, टिंक्चर आयोडिन, पोटॅशियम परमँगनेट ही ओळखता आली. पाऱ्याचं मलमही होतं. जुन्या दवाखान्याचं घर आवरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: अशा बाटल्या उघडू नका, वास घेऊ नका, आणि मोरीत तर मुळीच ओतू नका. आम्ही त्या एका फार्मासिस्टला दाखवल्या आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वेगळ्या बांधून घातक कचऱ्यात दिल्या. रिकाम्या, धुण्याजोग्या तेवढ्या ठेवल्या.

त्यांच्याच खालच्या खणात एक पुडकं सापडलं. पांढऱ्या कागदाच्या लांबट पट्ट्या, दोन्ही कडांना कात्रीनं सारखे दाते पाडलेले, दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या. माझ्या वयाच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल: पेशंट घरून बाटली घेऊन येई, कंपाउंडर तिच्यात मिक्स्चर भरी आणि बाहेरून ही पट्टी खळीनं चिकटवी. एक दाता म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही सकाळी कुठवर आणि संध्याकाळी कुठवर प्यायचं हे दिसे. काका म्हणाले की शाळेतून आल्यावर या पट्ट्या कापायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि दाते सारखे आले नाहीत तर आजोबा पट्टी फाडून टाकत. "एक दाता मोठा म्हणजे एक डोस जास्त," असं ते म्हणत. पट्ट्यांचा कागद पिवळा पडला आहे, पण दाते अजून इतके एकसारखे आहेत की मोजपट्टी लावून बघावं.

रजिस्टरंही निघाली. त्यांतल्या माणसांची नावं आणि आजार हे त्यांचं खाजगी आहे, त्यामुळे ती आम्ही कुलपात ठेवली आहेत आणि कुणाला चाळायला देत नाही. पण एवढं सांगायला हरकत नाही की सुरुवातीच्या वह्यांमध्ये पानामागून पान हिवतापाचं आहे, पुढ्यात क्विनीन. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हे पान बदलतं. १९५३ साली देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डी.डी.टी. फवारलं गेलं. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन इथेच बनू लागलं. वह्यांत 'इं. पेनि.' अशी नोंद वाढत जाते आणि मिक्स्चरांची नावं कमी होतात. फीच्या रकान्यात पैशांच्या बरोबरीनं तांदूळ, सोलं, नारळ, आणि कितीतरी ठिकाणी नुसती रेघ.

छपराचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. आमच्याकडे दरवर्षी शाकारणी होते, पण या वेळी सगळं छप्पर उतरवायचं होतं. कौलं मंगळुरी. बेसल मिशन या स्विस धर्मप्रचारक संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला १८६५ साली अशा कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचा छाप असतो. आमच्या कौलांत दोन्ही छाप मिळाले. म्हणजे बेसल मिशनचा छाप असलेली कौलं बहुधा घरापेक्षा जुनी, कुठल्यातरी आधीच्या छपरावरून काढून आणलेली. पैसे वाचवायचे तिथे आजोबांनी वाचवलेले दिसतात.

प्रत्येक कौल उतरवून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर धड, बद्द आवाज आला तर आत तडा. हे काम मेस्त्रींच्या पुतण्यानं बसून केलं आणि त्याचा कान पुढे पुढे इतका तयार झाला की तो बोलता बोलता कौलं वेगळी करी. धड कौलं नारळाच्या काथ्यानं घासून, धुऊन वाळवली. शेवाळ घासायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरू दिलं नाही, कारण वरचा भाजलेला घट्ट थर खरवडला गेला की कौल पाणी पिऊ लागतं. कमी पडलेली कौलं पाडल्या गेलेल्या एका घराची मिळाली. नवी घेतली असती तर ती जुन्यांच्या खाचेत नीट बसली नसती. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी बसवलं की पावसाचं पाणी नेमकं त्या फटीतून आत येतं. म्हणून दोन छापांची कौलं वेगवेगळ्या पाख्यांवर, म्हणजे छपराच्या उतारांवर, लावली.

छप्पर उघडल्यावर तपासणीच्या खोलीवरचं दुखणं दिसलं. बाकी घरात खालून वर बघितलं की वासे, रिपा, कौलं दिसतात. या एकाच खोलीला फळ्यांचा माळा मारलेला, म्हणजे वरची धूळ आणि जाळी जखमेवर पडू नये. पण त्या माळ्यामुळेच वर काय चाललं आहे ते कुणाला दिसलं नाही. वाळवीनं तीन वासे भिंतीच्या टोकाशी आतून पोखरले होते. वरून रंग तसाच, आणि पटाशी लावली की भुगा.

वासे किंजळाचे, तुळया सागाच्या. सगळे वासे बदलून टाकू, स्वस्तात पडेल, असं सांगणारे खूप भेटले. मेस्त्रींनी एकेक वासा ठोकून, पटाशी टोचून बघितला आणि खडूनं खुणा केल्या. "ह्यो आजून पन्नास वर्सं काय मरत न्हाय," असं म्हणत त्यांनी बहुतेक ठेवले. कुजलेलं टोक तेवढं कापलं आणि जुन्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरकी खाच पाडून, लाकडी खुंट्या मारून जोडला. असा जोड भिंतीवर टेकणाऱ्या भागात असेल तर भार नीट उतरतो. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हातमोजे घालूनच लावावं लागतं, कातडी भाजते, पण वाळवीवर आमच्याकडे पूर्वीपासून हाच इलाज. माळा परत मारला, फक्त या वेळी त्याला एक झडप ठेवली, वर्षातून एकदा बॅटरी घेऊन चढून बघता यावं म्हणून.

आता भिंती. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण कोकणातल्या जुन्या घरांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांच्या. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. अंगाला भोकं भोकं, त्यामुळे तो पाणी घेतो आणि उन्हाळ्यात ते सोडूनही देतो. जुन्या बांधणीत दरजा चुन्याच्या, गिलावा चुन्याचा, त्यामुळे ओल आत गेली तरी वाट सापडून बाहेर पडे. ऐंशीच्या दशकात कुणीतरी ओल दिसते म्हणून घराच्या पुढच्या भागाला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. सिमेंटनं ओलीची वाट अडवली. ती सिमेंटच्या मागून वर चढत गेली आणि गिलावा जिथे संपतो तिथे, कमरेच्या वर, लोणा म्हणजे मिठाचा पांढरा थर होऊन फुटून बाहेर आली. मीठ साठून चिऱ्याचा पृष्ठभाग बोट लावलं तरी पिठासारखा गळत होता. लोकांनी बघून 'जांभा कुजला' असं निदान केलं होतं. आर्किटेक्टनं सिमेंटचा एक हातभर तुकडा काढून दाखवला. मागचा चिरा ओला गच्च, पण धड होता.

सगळं सिमेंट काढलं. छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं, ब्रेकर न लावता, कारण ब्रेकरच्या हादऱ्यानं जुन्या दरजा सुटतात. मग भिंती तशाच उघड्या, वारा खात ठेवल्या. सगळ्यांना हा काळ वाया जातो आहे असं वाटलं. घर सोललेलं दिसत होतं आणि येणारा-जाणारा विचारत होता की काम बंद पडलं का. पण आतली ओल बाहेर यायला वेळ लागतोच. लोणा फुटून येई तो कोरड्या ब्रशनं झाडून काढायचो. पाण्यानं धुतला की मीठ पुन्हा आत जातं.

चुना आधीच भिजत घातला होता. पूर्वी आमच्या भागात खाडीतल्या शिंपल्यांचा चुना भाजत, आता तो मिळणं कठीण म्हणून घाटावरून कळीचा चुना आणला. अंगणात खड्डा करून, आतून फरशी लावून त्यात विझवला. कळ्या पाण्यात टाकल्या की खळाखळा उकळतात, वाफ निघते, अंगावर उडाला तर भाजतो. गॉगल आणि लांब बाह्यांशिवाय कुणाला जवळ येऊ दिलं नाही, विशेषतः मुलांना. विझलेला चुना जाळीतून गाळून, वर पाणी ठेवून तीन महिन्यांच्या वर मुरवला. जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो आणि थापीला चिकटून राहतो.

गिलाव्यात नदीची वाळू आणि विटकूर. विटकुरीसाठी फुटलेली कौलंच कुटून, चाळून घेतली. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी मिळून त्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. आमच्याकडे पावसात एवढी हवा दमट असते की नुसता चुना फार हळू धरतो. पाण्यात गूळ आणि हिरडा भिजवून ते पाणी घातलं. गवंडी मंडळी घाटावरची होती, त्यांच्या आजोबांनी देवळांची कामं केलेली. प्रमाण विचारलं तर मुठीत माल घेऊन दाबत आणि बोटांमधून कसा सरकतो ते बघून सांगत. आर्किटेक्टनं त्याचं मोजमाप करून वहीत लिहून घेतलं, ते मला फार आवडलं. दोघांनाही एकमेकांकडून शिकायचं होतं.

गिलावा पातळ थरांत चढवला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, आणि त्याला हे करायला ओलसर राहावं लागतं. म्हणून प्रत्येक थरावर गोणपाट टांगून पाणी शिंपडत राहायचं. काकांनी हे काम स्वतःकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन ते भिंतीभिंतीनं फिरत आणि कुठे केसासारखी भेग दिसली तर गवंड्याला हाक मारून लाकडी थापीनं दाबून घ्यायला लावत. उत्साह त्यांचा असा की मला फोनवर रोज हकीगत मिळे.

तपासणीच्या खोलीतली भिंत वेगळी होती. खालचा भाग तेलाच्या रंगाचा, पुसता यावा म्हणून. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो कोरडा घासायला बंदी केली. ओला करून, खरवडून, कचरा गोळा करून काढला. वरचा भाग घोटीव चुन्याचा, आरशासारखा गुळगुळीत. उत्तरेला उंच खिडकी आहे, खालच्या काचा दुधी, वरच्या पारदर्शक. दिवे नव्हते त्या काळी टाके घालायला उत्तरेचा स्थिर उजेड लागे आणि समोरची घोटीव भिंत तो परत टाकी. हे ध्यानात आल्यावर त्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावायचा विषयच बंद केला. गवंड्यानं शेवटचा हात गारगोटीच्या दगडानं घोटून दिला. त्या खोलीत आता दुपारपर्यंत दिवा लावावा लागत नाही.

फरशी रंगीत नक्षीची, सिमेंटची. मुंबईच्या भारत टाइल्सनं १९२२ साली स्वदेशीच्या जोरावर अशा फरशा बनवायला सुरुवात केली आणि परदेशी फरशांना देशी पर्याय उभा केला. आमच्या फरशा त्यांच्याच की दुसऱ्या कुणाच्या, हे पाठीमागचा छाप पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि त्यासाठी धड बसलेली फरशी उखडायला मी तयार नाही. या फरशा भाजत नाहीत, साच्यात रंगाचा थर ओतून, मागे सिमेंट भरून, यंत्रानं दाबून पाण्यात पिकवतात. म्हणजे ॲसिडनं त्या खराब होणार, हे उघड आहे. तरीही 'ॲसिड मारून चकचकीत करून देतो' असं सांगणारा एक माणूस बादली घेऊन दारात आलाच होता. साधा साबण, नारळाच्या शेंडीचा ब्रश आणि भरपूर धीर, एवढ्यावर रंग वर आले.

खोली एका कोपऱ्याकडे किंचित उतरती आहे. गवंड्याला ती चूक वाटली आणि तो लेव्हलमध्ये आणायच्या तयारीत होता. कोपऱ्यात भिंतीला एक भोक आहे आणि बाहेर दगडी पन्हळ. फिनेलच्या पाण्यानं खोली धुतली की पाणी आपोआप बाहेर जावं, अशी ती योजना. भोक कधीतरी सिमेंटनं बुजवलेलं, आणि त्याच कोपऱ्यात भिंतीला सर्वांत जास्त ओल! ते मोकळं केलं, बाहेरची पन्हळ साफ केली, आणि नकाशावरचा एक मोठा निळा डाग एवढ्यानंच निघून गेला.

पडवी आणि दवाखान्याच्या मधे औषध द्यायची छोटी खिडकी आहे. तिच्या फळीला मधोमध बाटल्या सरकवून सरकवून खोलगट घळ पडली आहे. सुताराचा मुलगा रंधा घेऊन आला होता, मी त्याला थांबवलं. नुसतं तेलपाणी केलं.

वीज आणि न्हाणीघराचं थोडक्यात सांगते. नव्या वायरी भिंत खोदून न घालता बाहेरून पट्टीवर नेल्या, बिघडलं तर दिसतं आणि भिंत फोडावी लागत नाही. न्हाणीघर मागच्या पडवीला जोडून वेगळ्या भिंतींचं केलं, म्हणजे त्याचं पाणी चिऱ्याच्या भिंतीत शिरायचा प्रश्नच नाही. काकांसाठी कमोड आणि धरायला दांडी लावली. जुनं घर जपायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसानं रात्री अंगण ओलांडून जायचं, हे मला मान्य नाही.

खर्चाचं म्हणाल तर सामानावर कमी आणि मजुरीवर जास्त गेला. आरसीसीच्या कामात हे उलटं असतं. मला ते योग्य वाटलं. पैसा सिमेंटच्या गोण्यांऐवजी सुतार, गवंडी आणि कौलं वाजवणाऱ्या त्या पोराच्या हातात गेला आणि तो पोरगा आता आजूबाजूच्या गावांत स्वतः शाकारणीची कामं घेतो.

नंतरच्या पावसाळ्यात आम्ही तोच नकाशा परत काढला. गळती एका ठिकाणी, दोन पाख्यांच्या पन्हळीत, ती गणपतीआधी नीट केली. भिंतींवर ओल येते, यायचीच, पण दसऱ्यापर्यंत सुकून जाते आणि लोणा फुटत नाही. गणपतीला सगळे चाकरमानी भाऊ आले, घर पाडायच्या बाजूचे होते तेही. त्यांतल्या एकानं बोळातलं दार उघडून आपल्या आईला चाकाच्या खुर्चीवरून आत आणलं. कुठेही खुर्ची उचलावी लागली नाही.

पुढच्या खोलीत आता आठवड्यातून एकदा गावातली एक डॉक्टर बाई रक्तदाब आणि साखर तपासायला बसते. तिला जागा भाड्यानं दिलेली नाही, तशीच दिली आहे. बाकी दिवस बाटल्या, खल, तराजू आणि पट्ट्यांचं पुडकं काचेच्या कपाटात असतं, शाळेची मुलं आली तर काका दाखवतात.

कोकणात कुणाकडे असं घर असेल आणि काम काढायचं मनात असेल तर वेळापत्रक पावसाच्या हिशेबानं लावा. एक पूर्ण पावसाळा नुसतं बघा आणि लिहून ठेवा. चुना गणपती झाल्या झाल्या भिजत घाला, म्हणजे जानेवारीत तो तयार असतो. छप्पर दिवाळीनंतर उघडा आणि होळीच्या आत बंद करा, आधी छप्पर आणि मगच भिंती, कारण वरून गळत असताना खाली केलेला गिलावा टिकत नाही. गिलाव्याचं काम एप्रिलच्या पुढे नेऊ नका, उन्हानं थर भराभर वाळून भेगा पडतात. आणि मेस्त्री आधी बघून ठेवा. चुन्याचं काम येणारी आणि वाशाला जोड देणारी माणसं आता मोजकी आहेत आणि त्यांना वर्षभर आधी सांगावं लागतं. आमच्या मागच्या पडवीचं पाखं अजून राहिलं आहे. त्यासाठी किंजळाचे वासे आणून सावलीत रचून ठेवलेत, मेस्त्री शिमग्यानंतर मोकळे होतो म्हणालेत, तेव्हा मी त्यांना सांगितलं की शिमग्यानंतर नको, त्याच्या आधी या.